महिन्याला चार हजार माणसं

“महिनाअखेरीस तुझी जागा बंद होतेय,” राजेश म्हणाला. लॅपटॉपवरची नजर त्याने वर केली नाही. “जाण्याआधी एवढं मॅन्युअल लिहून दे. माणसांसाठी नाही, एआय एजंटांसाठी. सगळं सविस्तर लिही. यंत्रांना कंटाळा येत नाही.”

संघमित्रा उभीच राहिली. अंधेरीच्या या कंपनीत तिने अकरा वर्षं मॅन्युअलं लिहिली होती. राजेश नवखा म्हणून आला, तेव्हा त्याला काम तिनेच शिकवलं होतं. आता तो साहेब होता, आणि तिला काढताना तिच्या तोंडाकडे बघायचीही त्याला गरज वाटत नव्हती.

कंपनीचं सॉफ्टवेअर एकच गोष्ट सांगायचं: तुमच्या वेबसाइटवर किती माणसं येऊन गेली. ग्राहक म्हणजे छोटे दुकानदार, घरून धंदा करणाऱ्या बायका. आजवर ते स्वतःच आकडा बघायचे. आता त्यांच्याऐवजी त्यांचा एआय एजंट बघणार होता. मॅन्युअल वाचून आकड्याचा अर्थ मालकाला समजावून सांगणार होता.

“एक ओळ चुकीची घुसव ना,” शेजारच्या टेबलावरची अक्षता कुजबुजली. “वाट लागेल त्याची.”

तीन दिवस संघमित्राच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मुलुंडच्या घरी गॅसवर दूध उतू जायचं आणि ती ओट्याशी उभी राहून खोट्या ओळी रचायची. चौथ्या दिवशी तिचं तिलाच हसू आलं. खोटं कशाला हवं? खरंच पुरेसं होतं.

ग्राहकाची साइट चालू आहे का, हे तपासायला कंपनीचाच एक प्रोग्राम दर दहा मिनिटांनी तिथे डोकावायचा. ती प्रत्येक खेप माणूस म्हणून मोजली जायची. दोन वर्षांपूर्वी हे सुरू झालं, तेव्हा तिने तसं मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं. राजेशने ती ओळ खोडायला लावली. “आकडा मोठा दिसला की लोक खूश राहतात गं,” तो म्हणाला होता. तिने खोडली होती.

या वेळी तिने ती ओळ पहिल्याच पानावर घातली. ‘एकूण भेटींतून आमच्या तपासणीच्या भेटी आधी वजा करा. त्या महिन्याला सुमारे चार हजार तीनशे असतात. उरलेला आकडाच मालकाला सांगा. मागच्या दोन वर्षांचाही सांगा.’ खाली वजाबाकीची कृती, उदाहरणासकट. इतकं नेटकं तिने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. राजेशने न वाचताच ‘ओके’ पाठवलं.

तिच्या शेवटच्या सोमवारी एजंटांनी ते वाचलं आणि मालकांना खरे आकडे सांगितले. अकराच्या सुमारास फोन वाजायला लागले, ते थांबेचनात. दुपारपर्यंत दोनशे ग्राहक सोडून गेले. राजेश तरातरा तिच्या टेबलाशी आला.

“मुद्दाम केलंस ना?”

“हो,” ती म्हणाली. “एक शब्द चुकीचा दाखव.”

सगळं ऑफिस बघत होतं. त्याचा उतरलेला चेहरा तिने नीट, सावकाश बघून घेतला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं तिला वाटलं.

फोन घ्यायला माणसं कमी पडत होती. समोर वाजणारा एक तिनेच उचलला. मानखुर्दहून शुभा नावाची बाई बोलत होती. गोधड्या शिवून साइटवर विकायला ठेवायची. संघमित्रा शिव्या ऐकायच्या तयारीत होती.

“ताई, ते एजंट म्हणतंय, दोन वर्षांत माझ्या साइटवर कुणी आलंच नाही. खरंय का हो?”

“खरंय.”

“मला तर महिन्याला चार हजार माणसं दिसायची. वाटायचं, एवढी येतात, बघतात, आणि एकालाही घ्यावीशी वाटत नाही. दिवाळीनंतर शिलाई मशीनच विकून टाकली मी.”

राजेश अजून समोर उभा होता. संघमित्राने त्याच्याकडे पाठ फिरवली.

मग शुभा हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली,

“म्हणजे माझ्या गोधड्या वाईट नव्हत्या.”