मागच्या दारातला स्पीकर

"स्टिरिओ कंपनीचाच राहू द्या, फक्त स्पीकर बदला. स्वस्तातले चालतील," मी मेकॅनिकला म्हणालो.

गाडीच्या मागच्या दारातली जाळी तुटलेली होती. लेक होती तेव्हा रोज तिथून स्पीकरच्या मधल्या टोपीत बोट खुपसायची. ती जाऊन वर्षं लोटली, तरी तो इवलासा खड्डा मला बघवत नव्हता.

मेकॅनिकने नवा स्पीकर बसवला, वर नवी जाळी आवळली. घरी पोचेपर्यंत तो खरखरायला लागला.

बायकोला घेऊन तसाच परत गेलो. मेकॅनिकने जाळी काढली. कोऱ्या टोपीत खड्डा होता.

"साहेब, जाळी तर धड आहे. मग बोट गेलं कुठून?"

बायकोने खड्ड्यात बोट टेकवलं. ते अलगद बसलं.

"अहो, जुन्यात माझी करंगळीही मावत नव्हती," ती म्हणाली. "मोठी होतेय ती."