पुढे वाच

डोळ्याच्या ऑपरेशनमुळे लालबागच्या सुभद्राबाईंना वाचायला बंदी होती. मग रोज दुपारी सून सुचित्रा त्यांना एक जुनी, गाजलेली कादंबरी वाचून दाखवायची. मनाने खचत गेलेल्या एका तरुण मुलीची ती गोष्ट ऐकताना सुभद्राबाई हळहळायच्या.

आज सुचित्राने पुस्तक उघडून ऐकवलं की, त्या मुलीचं तान्हं बाळ गेलं. ती बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली. सासूने डॉक्टरला दाखवलंच नाही. "हिचं डोकं फिरलंय," असं शेजारीपाजारी सांगितलं, तिला माहेरी नेऊन सोडलं आणि वर्षभर परत आणलं नाही.

"बाळ गेलेल्या पोरीला असं टाकतात?" सुभद्राबाई उसळल्या. "बाई आहे की राक्षसीण! मरताना तिच्या तोंडात पाणी घालायला कोणी असायचं नाही, बघ तू!"

"असं म्हणता?"

"शंभरदा म्हणेन. पुढे वाच."

सुचित्राने पुस्तक मिटलं.

"कादंबरी कालच संपली, आई. आज मी माझं सांगितलं."

सुभद्राबाईंनी घाबरून तिचा हात धरला. तो सोडवून घेत सुचित्रा म्हणाली, "आता शाप मागे घेऊ नका."