आचाऱ्याची किटली

वस्ताद सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना पाण्याखाली नेऊन बुडालेलं जहाज दाखवायचा. त्याचा दंडक एकच, खालची वस्तू वर आणायची नाही. आज पाहुण्यांत साठीच्या एक बाई होत्या. त्यांचे वडील याच जहाजावर आचारी होते, जहाजाबरोबरच गेले. त्यांना भेटायला म्हणून बाई या वयात डायव्हिंग शिकल्या होत्या. खाली जहाजाच्या स्वयंपाकघरात वस्तादने बॅटरी फिरवली, तर कोपऱ्यात काळवंडलेली किटली दिसली. बाईंनी ती उचलून उराशी धरली. वस्तादला गलबलून आलं. नेईनात का, असं मनाशी ठरवून त्याने मुद्दाम पाठ फिरवली. वर होडीत आल्यावर बघतो तर बाईंचे हात रिकामे! "अहो मावशी, मी पाठ कशाला फिरवली होती?" बाई डोळे पुसत हसल्या. "कळलं हो मला. पण राहू दे ती तिथेच. बाबांना उठल्या उठल्या चहा लागतो."