घोटभर पाणी

"यांना पाणी कोण देतं?" डॉक्टरांनी विचारलं. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आनंदाचं डायलिसिस घरीच, पोटातल्या नळीतून व्हायचं. ते सगळं त्याची बायको शेवंता करायची. पण डायलिसिसने निघे त्याहून जास्त पाणी अंगात साचत होतं. त्या भाराने हृदय ताणलं जाऊन मोठं झालं होतं. "असंच चाललं तर ते कधीही थांबेल," डॉक्टर म्हणाले. शेवंताला नवऱ्याची कोरडी जीभ बघवत नसे, म्हणून तीच तांब्या पुढे करायची.

घरी येताच तिने मोरीतली बादलीसुद्धा स्वयंपाकघरात नेली. दुपारी आनंदा पाणी मागू लागला, आधी गोडीने, मग शिव्या देत. तशी ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिने आतून कडी लावली.

"ट्रक घेऊन अख्खा देश पालथा घातला मी!" तो दारावर थापा मारत ओरडला. "आणि तू मला घोटभर पाण्यासाठी कोंडून घालतेस?"

"कोंडून मी घेतलंय, अहो. तुम्ही बाहेर आहात."

थापा थांबल्या. नुसती त्याची धाप ऐकू येत राहिली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "शेवंते, दार उघड. पाणी नको मला. तू रडतेयस."

तिने भीत भीतच कडी काढली. तो आत आला आणि माठाकडे पाठ करून तिच्याशेजारी बसला.

"माझा हात धर," तो म्हणाला. "मी उठायला लागलो, तर सोडू नकोस."