चकातली चावी

लोखंड कातायचा लेथ सुरू झाला आणि त्यात अडकलेली चावी उडून मुलीच्या कानाजवळून सूं करत गेली. मागच्या खिडकीची काच फुटली. क्षणभर उन्हात तरंगणारी धूळसुद्धा जागच्या जागी थांबल्यासारखी वाटली.

आईनं दारातून धावत येऊन बटण बंद केलं. या वर्कशॉपची मास्तरीण तीच. बाहेर टेम्पो उभा होता. लेथ आज भंगारात जाणार होता. उद्यापासून कॉलेजची पोरं लेथ शिकणार ती स्क्रीनवर, आणि स्क्रीनवरचा तो लेथ याच मुलीनं बनवला होता. साहेब लोकांना आयती मोकळी जागा मिळत होती. त्यांनी जन्मात साधा खिळा ठोकला नव्हता, पण स्क्रीनवरचा लेथ बघून टाळ्या मात्र दणकून ठोकल्या होत्या.

"जायच्या आधी खराही चालवून बघते," म्हणत मुलगी हट्टानं उभी राहिली होती. दांडा पकडून गरगर फिरवणाऱ्या चकाच्या जबड्यात तिनं दांडा घातला, चावीनं आवळला, आणि चावी तशीच ठेवून बटण दाबलं.

"लागलं का गं कुठे?"

"नाही."

"अगं बये, चावी काढायची असते! आधी चावी, मग बटण!"

"माझ्या लेथमध्ये ती... आपोआप नाहीशी होते. दांडा आवळला की."

आई खवळणारच होती. पण राग ओठांपर्यंत येता येता विरला.

"नाहीशी होते? कुठे जाते गं?"

मुलीला वाटलं, त्या सगळ्या नाहीशा झालेल्या चाव्या कुठेतरी अजून उडतायत, आवाज न करता. आणि खाली पोरं स्क्रीनमध्ये माना घालून बसलीत.

"मॅडम, उचलायचा ना?" टेम्पोवाला आत डोकावला.

"उचल बाबा. माझं कोण ऐकतंय."

लेथ गेला. फरशीवर तेलाचा काळा चौकोन उरला, पाण्यासारखा चमकणारा. मुलगी त्याच्या काठाशीच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. प्रोग्राममधली चावी नाहीशी करणारी ओळ तिनं पुसून टाकली. बराच वेळ काहीबाही लिहीत राहिली. मग स्क्रीनवरचा दांडा आवळला. चावी चकातच राहिली.

तिचं बोट बटणावर अडलं.

"दाब की," आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता सवयीनं स्क्रीनसमोरून बाजूला सरकली.