लाल दोरा

नवऱ्याच्या रक्तात हेपटायटिस सी निघाला, त्याच दिवशी तिने त्याच्या कपाच्या कानाला लाल दोरा बांधला. शिवणकाम करणारी बाई, खुणेला दुसरं काय सुचणार! कप एकाच जोडीतले, चुकून अदलाबदल नको. तो मुकाट्याने त्यातून चहा पीत राहिला. तीन महिन्यांच्या गोळ्या संपल्या. डॉक्टरबाई रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "विषाणू गेला. पण लिव्हर आधीच निकामी झालंय. फार तर वर्षभर." निघताना तिने कपाचं विचारलं. "अहो, हा रक्तातून पसरतो, उष्ट्या कपातून नाही!" घरी येताच तिने कात्री उचलली. "तुम्हाला ठाऊक होतं?" "पहिल्याच दिवसापासून." "मग बोलला का नाहीत?" "दोरा बांधल्यावर तुला शांत झोप लागली." कात्री दोऱ्याला लावली, तसं त्याने मनगट धरलं. "राहू दे. मी गेल्यावर माझा कप कुठला, ते तुला कळायला हवं."