ओव्हनमध्ये पाव असताना

"अक्रोड पावात घालायचेत, पोटात नव्हे," आजोबा म्हणाले, तेव्हा नातीचे दोन्ही गाल भरलेले होते. उगाच नाही तिला घरात सगळे खारूताई म्हणत. एरवी ती तोंडातलं सगळं उडेपर्यंत हसली असती. आज तिने अक्रोड निमूट गिळले आणि हात फ्रॉकला पुसले.

फुगलेला मैद्याचा गोळा आजोबांनी ओट्यावर लाटला. त्यावर लोणी फासलं, शिजवून घट्ट केलेलं सफरचंद पसरलं, वर बेदाणे. अक्रोड पेरायचे खारूताईने. मग दोघांनी मिळून त्याची बिछान्यासारखी वळकटी केली, साच्यात घातली आणि पुन्हा फुगायला फडक्याखाली झाकून ठेवली.

आतल्या खोलीचं दार बंद होतं. तिथे खारूताईची आई, म्हणजे आजोबांची लेक, भिंतीकडे तोंड करून पडली होती. गेल्या आठवड्यात तिचं तान्हं बाळ दुपारी झोपलं, ते उठलंच नाही. डॉक्टरांनाही कारण सापडलं नाही. खारूताईला मात्र बाळ दवाखान्यात आहे, एवढंच सांगितलं होतं.

"तुम्ही जन्मभर पोरांना शिकवलंत, बाबा," सकाळी कामावर निघताना जावई म्हणाला होता. "तिला तुम्हीच सांगा. माझी जीभ रेटत नाही."

आजोबा शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायचे. अवघड काही सांगायचं असलं की ते मुलांच्या हाताला आधी काम देत, मग बोलत. म्हणून तर हा पावाचा घाट. पण मळून झालं, लाटून झालं, भरून झालं. साचा ओव्हनमध्ये गेला, तरी बाळाचं सांगायचं राहिलंच होतं.

खारूताई सफरचंदाची सालं मागच्या अंगणात टाकून आली. तिने दार दोन्ही हातांनी धरलं, जरासुद्धा आवाज न करता लावलं, कडीही हलकेच सरकवली.

"शाबास!" आजोबा म्हणाले. "आठवडाभर बघतोय, घरात तुझं पाऊल वाजत नाही. किती गं शहाणी झालीस! आणि ओव्हनमध्ये पाव असताना तर दार आपटायचंच नाही. माझी आई केवढी ओरडायची आम्हाला."

"का?"

"अगं, फुगत असतो ना तो. दचकतो आणि खाली बसतो."

"मग परत उठतो?"

"छे! बसला की बसला."

खारूताई जागीच थांबली.

"त्या दिवशी मी दार आपटलं होतं," ती म्हणाली. "आई सारखी बाळालाच घेऊन बसायची. मला राग आला होता, म्हणून मुद्दाम आपटलं. जोरात. बाळ झोपलं होतं, आजोबा."

आठवडाभर ज्याला सगळे शहाणपण म्हणत होते, ते हे होतं.

ते उठले. गुडघे कुरकुरले, पण ते झपाट्याने मागच्या दाराशी गेले, कडी काढली, दार सताड उघडलं आणि धाडकन आपटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा आपटलं. ओट्यावरची झाकणं खणखणली. आतल्या खोलीतून कितीतरी दिवसांनी लेकीचा आवाज आला, "बाबा? काय झालं?"

"काही नाही, बाळा. पाव बघतोय."

त्यांनी नातीला ओढतच ओव्हनसमोर नेलं आणि तिच्याशेजारी फरशीवर बसकण मारली. काचेआड पाव साच्याच्या वर आला होता. कडेने सफरचंदाचा रस उकळत होता, पाठ तांबूस होत चालली होती.

"बघ. बसला का?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"माझी आई चुकीचं सांगायची. मीही आत्ता चुकीचं सांगितलं. दार आपटल्याने काही होत नाही, राजा. पावाला नाही, कुणालाच नाही. तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. कळलं?"

खारूताईने पुन्हा काचेतून वाकून पाहिलं. पाव खरंच बसला नव्हता. तिने बाहीने नाक पुसलं आणि वळून आजोबांकडे पाहिलं. शाळेतली मुलं पाहायची तसंच, उत्तर मिळणारच अशा खात्रीने.

"मग बाळ कशाने मेलं, आजोबा?"